‘करमत नाही’ हा शब्द तक्त्यावर नव्हता

मागच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लावला होता. सहा गोल चेहरे आणि खाली शब्द, आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस. एका ट्रेनिंगला मिळाला होता तो. परिपाठ झाला की वर्गात येताना प्रत्येकानं आज आपल्याला कसं वाटतंय त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं आणि मग जागेवर बसायचं असं मी मुलांना सांगितलं. पहिल्या दिवशी २६ च्या २६ मुलांनी हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी पण तेच. तिसऱ्या दिवशी एक मुलगी आली, डोळे सुजलेले, रात्रभर रडली असणार हे कुणालाही कळलं असतं, तिनंही हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि मान खाली घालून जागेवर जाऊन बसली. मी विचारलं काय झालं गं, तर म्हणाली काही नाही मॅडम, छान वाटतंय.

ते ‘छान’ दिवसभर माझ्या डोक्यातनं गेलं नाही.

मी बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, चौथीचा वर्ग माझ्याकडं. शिकवायला लागून १४ वर्षं झाली. आमच्याकडची निम्म्याहून जास्त मुलं ऊसतोड कामगारांची. दसरा-दिवाळी झाली की आईबाप टायरगाडीत नाहीतर ट्रकमध्ये संसार भरून कारखान्यांकडं निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात कुणी थेट कर्नाटकात, ते मार्च-एप्रिलमध्ये कारखाने बंद झाले की परत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाकडनं उचल घेतलेली असते म्हणून जायलाच लागतं. अंगावरची लहानगी सोबत जातात, शाळेतली काही जातात आणि काही आजीआजोबांकडं मागं राहतात. मागं राहिलेल्यांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालतं, म्हणजे दोन वेळचं जेवण तिथं आणि झोपायला आजीकडं. म्हणजे बघा, वर्षातले पाच-सहा महिने आठ-नऊ वर्षांचं लेकरू आईशिवाय राहतंय आणि आपल्यासमोर बसून नऊचा पाढा म्हणतंय.

हे सगळं मी सुरू केलं त्याला कारण झालं होतं आदल्या वर्षीचं. एका मुलानं शेजारच्याच्या डोक्यात पाटी घातली, तीन टाके पडले. मी त्याला समोर उभं करून विचारलं, कामून मारलं रे? तो म्हणाला, मला नाही माहीत. मी परत विचारलं, आवाज चढवून विचारलं, तरी तेच, मला नाही माहीत मॅडम. मला वाटलं पोरगं बनवाबनवी करतंय आणि मी त्याला अख्खा दिवस वर्गाबाहेर बसवलं. आता इतक्या महिन्यांनी मला पक्कं वाटतं की तो खरं बोलत होता. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. आणि मी, जिला माहीत असायला पाहिजे होतं, मी त्याला त्याचीच शिक्षा दिली. हे लिहिताना आत्ताही गलबलून येतं.

मग मी मिळेल ते वाचत सुटले. दिल्लीच्या सरकारी शाळांमध्ये जुलै २०१८ पासून नर्सरी ते आठवीपर्यंत हॅपिनेस करिक्युलम म्हणून रोजचा एक तास सुरू केला ते वाचलं. आपल्या बीडमध्येच २००९ साली ५०० शाळांमधनं मूल्यवर्धन हा मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला होता, त्यातलं जोडीत बोलायचं, गटात करायचं हे ओळखीचं होतंच. आणि डीएडला जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्यं तर आम्ही सगळ्यांनीच पाठ केलीत, त्यात ‘भावनांचे समायोजन’ आहे, मी पेपरात लिहून मार्कही घेतलेत. पण समायोजन म्हणजे सोमवारी सकाळी सव्वादहाला वर्गात नेमकं काय करायचं ते तेव्हाही कळलं नव्हतं. मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते एका प्रयोगानं. २००७ साली अमेरिकेत यूसीएलए विद्यापीठात मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३० जणांना स्कॅनरमध्ये झोपवून रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. त्या चेहऱ्याला भावनेचं नाव द्यायला लावलं की मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोका दिसला की आधी खडबडून उठतो तो भाग, थोडा शांत व्हायचा आणि कपाळामागचा विचार करणारा भाग कामाला लागायचा. ती मोठी माणसं होती, चौथीतली पोरं नव्हती, आणि स्कॅनरमधला फोटो वेगळा न् मधल्या सुट्टीतली मारामारी वेगळी, एवढं मला कळतं. तरी माझ्या मनात तेच बसलं की नाव देता आलं पाहिजे. आणि म्हणूनच तो सहा चेहऱ्यांचा तक्ता.

तो चालेना. आणि जुलैत दुसरी चूक झाली.

मधल्या सुट्टीत लगोरीवरनं भांडण लागलं. एकजण रागानं नुसता थरथरत होता, मुठी आवळलेल्या, डोळ्यात पाणी. मी पळत गेले, त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं तसं अगदी मऊ आवाजात म्हणाले, बाळा दीर्घ श्वास घे, आता सांग बरं तुला कसं वाटतंय. त्यानं माझा हात झटकला, शेजारी पडलेली खिचडीची ताटली उचलली आणि भिंतीवर मारली. सगळी शाळा बघत होती. घरी आल्यावर किती वेळ मी त्याचाच विचार करत बसले होते. आमच्या गावात जत्रेत बायकांच्या अंगात येतं, अंगात आलेल्या बाईला कुणी पाढे विचारत नाही, आधी तिला धरतात, पाणी देतात, बसवतात, वारा घालतात, बोलणं नंतर. हे मला लहानपणापासनं माहीत होतं आणि मी त्या पोराला नेमके पाढेच विचारत होते. त्या क्षणी त्याला काही शिकवायचं नसतं. तेव्हा फक्त दोघांना लांब करायचं, आपण जवळ थांबायचं, पाणी द्यायचं, प्रश्न विचारायचा नाही. शिकवणं सगळं शांत असताना करायचं, रोज थोडं थोडं, म्हणजे भडका उडेल तेव्हा हाताशी काहीतरी असतं.

म्हणून मी वेळ बदलली. सकाळचं बोट ठेवणं बंद केलं आणि खिचडी खाऊन मुलं वर्गात आली की पंधरा मिनिटं यासाठी ठेवली. पोट भरलेलं असतं, अंग सैलावलेलं असतं, बोलायला मूडमध्ये असतात.

ऑगस्टमध्ये एक दिवस सकाळपासनं पाऊस लागला होता, मैदानात नुसता चिखल, तर मुलांना व्हरांड्यात घेतलं. एका मुलाला फरशीवर उताणं झोपवलं आणि खडूनं त्याच्याभोवती रेघ मारून घेतली. पोरगं उठलं, फरशीवर त्याची आकृती राहिली. मी म्हटलं, आता सांगा, राग आला की तो अंगात कुठं कळतो? सगळे गप. कुणालाच काही सुचेना. मग असंच माझ्या तोंडून गेलं, अरे तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतो ना आपण, ती कुठनं कुठं जाते? पोरं हसायला लागली. एकजण उठला, लाल खडू घेतला आणि त्या आकृतीच्या तळपायापासनं डोक्यापर्यंत एक जाड रेघ ओढली. आणि मग जे सुरू झालं ते मला थांबवता येईना. पोटात गोळा येतो. छातीत धडधड होतं. गळा दाटून येतो. कान तापतात. तोंडाला कोरड पडती. अंगावर काटा येतो. पाय लटलट कापतात. हातपाय गळतात. दातओठ खातो माणूस. डोळ्यापुढं अंधारी येती. प्रत्येकजण खडू मागत होता, कोण पोटावर गोल काढतंय, कोण गळ्यावर फुली मारतंय. अर्ध्या-पाऊण तासात फरशीवरचं ते पोरगं रंगानं भरून गेलं.

१४ वर्षं मी हे वाक्प्रचार शिकवतेय. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, दोन मार्क. पोटात गोळा येणे म्हणजे खूप भीती वाटणे, लिहा. एकदाही मी कुठल्या लेकराला विचारलं नव्हतं की तुझ्या पोटात येतो तो गोळा वर असतो का खाली, गार असतो का गरम, आणि तो येतो कधी. त्या दिवशी विचारलं तर एकीनं सांगितलं, बेंबीच्या वर येतो, गार असतो, आणि रात्री आजा दारू पिऊन आला की त्याची चप्पल वाजती तेव्हा येतो. जून महिन्यात तिनंच रोज हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं होतं.

मी एमएला मराठी घेतलं होतं, रसविचार वाचला होता, भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात ४९ भाव आहेत, आठ स्थायी म्हणजे टिकून राहणारे, तेहतीस व्यभिचारी म्हणजे येणारे-जाणारे आणि आठ सात्त्विक म्हणजे अंगावर दिसणारे. ते आठ सात्त्विक भाव काय आहेत आठवून बघा, घाम फुटणं, अंगावर रोमांच येणं, आवाज फुटेनासा होणं, कंप सुटणं, चेहऱ्याचा रंग उडणं, डोळ्यात पाणी, थिजून जाणं, शुद्ध हरपणं. म्हणजे मनात काय चाललंय ते शरीर कसं सांगतं याची यादीच आहे ती, आणि आपल्या बोलीतले वाक्प्रचार तेच सांगतात. परीक्षेसाठी वाचलं तेव्हा हे लेकरांच्या कामाचं आहे असं मनातही आलं नव्हतं.

सहा चेहऱ्यांचा तक्ता काढून टाकला. त्या जागी कोरे कार्डशीट लावले आणि ठरवलं की मुलं जो शब्द बोलतील तोच भिंतीवर जाणार, ते जसा बोलतील तसा. ‘भ्या वाटतं’ असेल तर भ्याच लिहायचं. ‘डोस्कं फिरतं’ असेल तर डोस्कंच. केंद्रप्रमुख आले तेव्हा त्यांना हे पटलं नाही, प्रमाण भाषा शिकवा म्हणाले, मी सांगितलं की सर मराठीच्या तासाला शिकवतेच, ही भिंत वेगळी आहे. ऐकून घेतलं त्यांनी, त्याबद्दल मनापासून आभार.

दिवाळीपर्यंत भिंतीवर चाळीसच्या वर शब्द झाले. आणि गंमत नाही, ही फार मोठी गोष्ट होती की नुसत्या रागाचेच सात-आठ निघाले. चिडचिड, रुसवा, फुगणं, संताप, त्रागा, धुसफूस, खुन्नस. आम्ही त्यावर वाद घालायचो. रुसणं म्हणजे राग का? एक पोरगी म्हणाली, नाही, रुसणं जवळच्यावर असतं, रुसलं की त्यानं यावं असं वाटतं, रागात त्यानं जावं असं वाटतं. एवढं स्पष्ट मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. आणि दोन्हीला वेगवेगळं वागायला लागतं ना, रुसलेल्याला एकटं सोडलं तर तो आणखी रुसतो आणि संतापलेल्याला लगेच जवळ घ्यायला गेलं तर तो ढकलून देतो.

ताटली फेकणाऱ्या त्या मुलाबद्दल मात्र सविस्तर सांगते. तो सगळ्याला राग म्हणायचा. मला राग आला, बस. मी वहीत नोंद ठेवायला सुरुवात केली होती, कुणाचं कधी बिनसतं, कुठल्या तासाला, आधी काय झालेलं असतं. तीन आठवड्यांनी त्या नोंदी वाचल्या तर त्याची भांडणं बहुतेक वेळा मराठीच्या तासानंतरची निघाली. प्रकट वाचनानंतरची. त्याला जोडाक्षरं वाचता येत नव्हती, अडखळला की मागनं एक-दोघं हसायचे आणि मग मधल्या सुट्टीत त्यातलाच कुणीतरी मार खायचा. लगोरी हे निमित्त. एक दिवस शाळा सुटल्यावर व्हरांड्यात दोघंच बसलो आणि मी विचारलं, वाचताना अडतं तेव्हा अंगात कुठं होतं रे? बराच वेळ बोलला नाही, मग कानाला हात लावला. कान तापतात. आणि खाली बघावं वाटतं. आणि इथनं निघून जावं वाटतं. मी म्हटलं, याला आपल्या भिंतीवर एक शब्द आहे बघ. तो भिंतीकडं बघत राहिला आणि हळूच म्हणाला, लाज. मग परत म्हणाला, लाज वाटती मॅडम, राग नंतर येतो.

त्याच्या रागावर मी तीन महिने काम करत होते आणि काम करायचं होतं जोडाक्षरांवर. दुसऱ्या दिवसापासनं त्याचं प्रकट वाचन बंद केलं, रोज सुटल्यावर वीस मिनिटं आम्ही दोघं वाचायचो, आणि वर्गात कुणाच्या अडखळण्यावर हसायचं नाही हा नियम केला. भावना शिकवणं म्हणजे मुलांनीच बदलायचं असं नसतं, कितीतरी वेळा आपल्याकडनं जे होतंय ते थांबवायला लागतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला मनाई आहे, मानसिक त्रास म्हटलं की आपल्याला शिव्या, टोमणे आठवतात, पण ज्याला वाचता येत नाही त्याला रोज सगळ्यांसमोर उभं करणं हाही तोच झाला. मी ते करत होते.

आता शांत कसं व्हायचं ते. यात खूप काही करून बघितलं, डोळे मिटून ध्यान बहुतेकांना जमलं नाही, डोळे मिटले की चुळबुळ आणि दोघातिघांना तर भीतीच वाटायची, ज्यांच्या घरी रात्री गोंधळ असतो त्यांना डोळे मिटून बसणं सुरक्षित वाटत नाही हे माझ्या उशिरा लक्षात आलं. श्वासाचं मात्र चाललं, पण ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हणून नाही. दीर्घ श्वास म्हटलं की पोरं छाती फुगवून खांदे वर करतात आणि श्वास कोंडून धरतात, त्यानं उलटच होतं. खरं काम श्वास सोडण्याचं असतं, सोडणं लांबलं की छातीची धडधड उतरते. मग आम्ही बशीतला चहा केला. दोन्ही हातांची ओंजळ म्हणजे बशी, चहा कडक गरम आहे, आधी वास घ्यायचा आणि मग फुंकर मारायची, सावकाश, चहा सांडला नाही पाहिजे. पाच फुंकरा. हे पहिलीच्या पोरांनीही उचललं, आमच्या वर्गातल्यांनीच शिकवलं त्यांना.

सगळ्यांना एकच लागू पडत नाही. कुणाला हापशावर जाऊन तोंड धुतलं की बरं वाटतं, कुणाला पळायला लागतं, एक मुलगा दांडा मारून मारून दहा-वीस वेळा हापसून यायचा आणि मगच बोलायच्या अवस्थेत यायचा, तर मी त्याला तेच काम दिलं, झाडांना पाणी. एकीनं आजीच्या लुगड्याचा तुकडा दप्तरात ठेवला होता, ती हात आत घालून तो धरून बसायची.

मैदानाच्या कडेला चिंचेचं झाड आहे. ज्याला आतनं उसळतंय असं वाटेल त्यानं न विचारता उठायचं, फक्त मला खूण करायची आणि चिंचेखाली जाऊन बसायचं, बरं वाटलं की यायचं. छान चाललं होतं. आणि मग नोव्हेंबरमध्ये एक दिवस मी घाईत होते, दोन वर्ग एकत्र सांभाळत होते, वरनं ऑनलाइन माहिती आजच्या आज भरा म्हणून फोनवर फोन, आणि मागं दोघांचा दंगा. मी ओरडले, जा, चिंचेखाली जाऊन बस दोघं! बस, संपलं. त्यानंतर दहा-बारा दिवस एकही मूल चिंचेखाली गेलं नाही. ती जागा शिक्षेची झाली होती, माझ्या एका वाक्यानं.

ते परत मिळवायला मला माफी मागायला लागली. वर्गासमोर उभी राहिले आणि सांगितलं की परवा माझ्या डोक्यात मुंग्या आल्या होत्या, जबडा आवळला होता, मला कामाची धास्ती होती, तुमचा राग नव्हता, पण तो मी तुमच्यावर काढला आणि ते चुकलं. पोरं टकामका बघत होती. मग मी खरंच एक दिवस गणिताच्या तासात म्हटलं, पोरांनो मी जरा चिंचेखाली जाऊन येते, गेले, पाच फुंकरा मारल्या, परत आले. दुसऱ्या दिवशी एक मुलगी गेली. मग हळूहळू बाकीचे. माझ्या मते त्या वर्षात मी मुलांना जे काही शिकवलं त्यातलं हे सगळ्यात खरं होतं, कारण मोठं माणूस स्वतःचा राग ओळखून बाजूला जातंय हे त्यातल्या कित्येकांनी पहिल्यांदा बघितलं असेल.

अजून एक चूक, आणि ही सगळ्यात मोठी. सप्टेंबरात आम्ही गोल करून बसायचो आणि एकेकानं आपल्याला कधी वाईट वाटलं ते सांगायचं. एका मुलीनं सगळ्यांसमोर घरातलं सांगितलं, बापाचं, आईला होणाऱ्या मारहाणीचं. सांगताना रडली, मला वाटलं मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी मैदानात दोघांनी तिला तेच बोलून चिडवलं आणि संध्याकाळपर्यंत गावात झालं. तिला चार दिवस शाळेत येऊ वाटलं नाही. मी घरी गेले, तिच्या आईची माफी मागितली, ती माउली मलाच म्हणाली जाऊ द्या मॅडम. पण जाऊ देण्यासारखं नव्हतं ते. तेव्हापासनं गोलात घरचं काही सांगायचं नाही, गोलात गोष्टीतल्या पोराचं बोलायचं, कावळ्याचं, कोल्ह्याचं, काल्पनिक मुलाचं, आणि स्वतःचं असेल तर वहीत लिहायचं, ती वही फक्त मी वाचणार. ‘मला नाही सांगायचं’ म्हणायचा हक्क प्रत्येकाला. आणि वहीत काही तसलं दिसलं, मारहाण, अंगाला हात लावणं, तर ते माझ्या एकटीच्या पोटात ठेवायचं नसतं, मुख्याध्यापकांना सांगायचं, १०९८ ला फोन करायचा, तो नंबर मी वर्गात मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. मी शिक्षिका आहे, समुपदेशक नाही. हे काम सुरू करणाऱ्या प्रत्येकीला माझी हात जोडून विनंती आहे की लेकराच्या मनाचं झाकण उघडण्याआधी आत जे निघेल त्याचं काय करणार ते ठरवून ठेवा.

दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळा भरली तेव्हा अर्ध्या मुलांचे आईबाप गेलेले होते. पहिल्या दिवशी खिचडीनंतर बसलो, मी म्हटलं भिंतीवरचा कुठला शब्द आज तुमचा आहे? कुणी उठेना. भिंतीवर चाळीस शब्द आणि एकही लागू पडेना. शेवटी एकजण म्हणाला, मॅडम, करमत नाही. आणि वर्गात एकदम ‘हां’ असा आवाज झाला. मला पण करमत नाही. मला बी. मला रातीला करमत नाही. दुःख लिहिलेलं होतं भिंतीवर, उदास होतं, आठवण येणं होतं, पण कुणी तिकडं बघितलंही नव्हतं. करमत नाही म्हणजे दुःखच असं नाही, त्यात रडू नसतं, काही दुखत नाही, नुसतं कशातच मन लागत नाही, जेवण जात नाही, खेळ नको वाटतो, दाराकडं लक्ष जातं. मी तो शब्द मोठा करून मधोमध लावला आणि मग विचारलं, करमेनासं झालं की काय करता? एकजण गोठ्यात जाऊन वासराला कुरवाळत बसतो. एक आईचा ब्लाउज उशाला घेते. एकाला आईनं जाताना सांगितलं होतं की चांद दिसला की मी पण बघते, तर तो चांद बघतो. दोघातिघांना काहीच माहीत नव्हतं, ते नुसते पडून राहायचे. मग आम्ही रविवारचा फोन ठरवला, माझ्या आणि वसतिगृहाच्या ताईंच्या फोनवरनं, आधी वहीत लिहून काढायचं आईला काय सांगायचंय, नाहीतर फोनवर नुसतं ‘जेवलीस का’ आणि ‘हां’ एवढंच व्हायचं आणि फोन ठेवल्यावर लेकरू जास्त रडायचं.

आज्यांना पण बोलावलं, शाळेत नाही आल्या म्हणून मारुतीच्या देवळात बसलो. एक आजोबा स्पष्ट बोलले, पोरांना रडकं करू नका मॅडम, गड्याच्या जातीनं रडायचं नसतं. मी म्हटलं रडायला शिकवत नाही आजोबा, मारायच्या आधी ओळखायला शिकवतेय. पटलं का नाही माहीत नाही, पण तिथंच एक आजी म्हणाली, मला तरी कुठं करमतंय, लेक-सून गेल्यापासनं घर खायला उठतं, पोरासमोर बोलत नाही एवढंच. मग बाकीच्या पण बोलायला लागल्या, जिवाची उलघाल होती, काळजाचं पाणी होतं, जीव थाऱ्यावर नसतो. मी लिहून घेत होते. मी त्यांना एकच सांगितलं की हे पोराला पण सांगा, त्याला वाटतं आपल्यालाच होतंय.

मारामाऱ्या बंद झाल्या असं कुणी समजू नका, झाल्या नाहीत. पण फेब्रुवारीत तो ताटलीवाला मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडं पळत आला आणि म्हणाला, मॅडम माझे कान तापलेत, मी जाऊन येतो, आणि चिंचेकडं गेला. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं, कुणाला दिसू नये म्हणून मी फळा पुसत राहिले, आणि मग वाटलं का दिसू नये, आणि वळले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गाड्या परत यायला लागल्या. चांद बघणाऱ्या त्या पोराची आई थेट शाळेतच आली, अंगावर प्रवासाची धूळ, हातात उसाच्या कांड्या. तो तिच्याकडं गेलाच नाही. दाराच्या मागं जाऊन उभा राहिला, हाक मारली तरी येईना. ती कावरीबावरी झाली, मी तिला म्हटलं ताई थोडं थांबा, बसा इथं, येईल. आम्ही दोघी व्हरांड्यात बसलो, ती पाणी प्यायली. दहा-पंधरा मिनिटांनी तो आला आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसला, तोंड दुसरीकडं. ती पण काही बोलली नाही, नुसता हात मागं नेऊन त्याच्या डोक्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं वही आणून दिली. लिहिलं होतं, आई आली तर मला लई आनंद झाला आणि राग पण आला. रुसवा पण होता. सगळं एकदम. छातीत आनंद आणि गळ्यात राग. खाली विचारलं होतं, याला काय म्हणतात?

आम्ही दोघं भिंतीपाशी गेलो, सगळे शब्द वाचले, वरपासनं खालपर्यंत, तो आता बोट न फिरवता वाचतो. नव्हता. मी म्हटलं मला पण माहीत नाही रे. तो थोडा वेळ विचार करत उभा राहिला, मग म्हणाला, आजीला विचारून येतो, आणि पळाला.